पांढुर्ण्याचे सगळे जयवंता

"बोर्डासमोर बसली का मले वाटते, आख्खं पांढुर्णा माझ्या मांडीवर येऊन खेळून राहिलं," असं नलिनी कळंबे एकदा आपल्या धाकट्या बहिणीला म्हणाली होती.

"अन् शेजारचं सौसर?" वंदनाने विचारलं.

"सौसर रडते. त्याले लाइन लवकर भेटत नाही ना."

साल त्र्याऐंशी. पांढुर्ण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली नलिनी सर्वांत नवी ऑपरेटर. मोहगावच्या रघुनाथराव कळंब्यांची, म्हणजे संत्र्यांच्या बगीच्यात वाढलेली पोर. नोकरी अजून कच्ची होती आणि पक्की होणार होती ती सुपरवायझर यशवंतरावांच्या एका शब्दावर. या गृहस्थांना हसताना त्यांच्या बायकोनेही पाहिलं नव्हतं म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "इथं कानात पडते ते कानातच मरू द्यायचं, पोरी. ऐकलेल्याचा अर्थ लावायचा नाही. बाहेर एक शब्द गेला, तं खुर्ची गेली समज."

खुर्ची नलिनीला जिवापेक्षा प्यारी होती. समोर भोकाभोकांचा बोर्ड, खाली दोऱ्या, वर, कॉल आला की फडकणारे इवलाले पडदे. एक दोरी उचलावी, भोकात खुपसावी आणि इकडचा आवाज तिकडे जाऊन पडावा. नदीवर पूल बांधावा आणि लगेच मोडावा, असा तो दिवसभराचा खेळ.

त्या काळी पी.पी. कॉल म्हणून एक सोय होती. अमुक नंबरावर तमुकच माणूस हवा, असं सांगून कॉल लावायचा. माणूस सापडला तर कॉलचा पूर्ण आकार, नाही सापडला तर किरकोळ पैसे. दत्तात्रय सेठच्या संत्र्यांच्या गोदामात रोज संध्याकाळी असा एक कॉल यायचा. नागपूरच्या मंडीतून त्यांचा भागीदार प्रभाकर कधी जयवंताला मागायचा, कधी गुणवंताला. गोदामात पेट्यांवर बसून चार बागाइतदार सेठचा चहा पीत असायचे. त्यांच्या देखत सेठ फोन उचलायचे, "जयवंता? नाही जी, नाही आला," म्हणायचे आणि चहाची विचारपूस पुढे चालू.

माघ सरत होता, मृग बहार तोडणीला आला होता. एका संध्याकाळी जयवंताला बोलावणं आलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सेठची जीप मोहगावात. रघुनाथरावांनी खुशीखुशीत जुन्या भावाने अख्ख्या बगीच्याचा सौदा केला. दुपारच्या बसने नागपूरहून आलेल्या लोकांनी सांगितलं, भाव कालच चढला. त्या रात्री बाबा एक संत्रं सोलत बसले होते. सोलून झालं तरी खाल्लं नाही.

नलिनीच्या डोक्यात दोरी खटकन भोकात बसली. जयवंताला मागितलं की सेठ पहाटे बगीच्यांत धावतात. गुणवंताला मागितलं की सेठचा गुडघा दुखतो आणि ते आठवडाभर गादीवरून हलत नाहीत. म्हणजे जयवंता चढता भाव आणि गुणवंता पडता. "नाही आला" ही निरोपाची पोच. बागाइतदारांच्या नाकासमोरून त्यांचाच भाव चालत जात होता आणि ते बशीत चहा ओतत होते. त्यातून पूर्ण आकाराचे पैसेही लागत नव्हते.

घरी सांगावं तर खुर्ची जाते. न सांगावं तर घास उतरत नाही. दोन दिवस तिला आजारी पडल्यासारखं झालं आणि तिसऱ्या संध्याकाळी एकदम हसू फुटलं.

नागपूरची ऑपरेटर म्हणत होती, "पी.पी., जयवंता." आणि खिडकीबाहेर, समोरच्या औषधाच्या दुकानात, जयवंता शिंपी खोकल्याची बाटली हलवून पाहत उभा होता.

पांढुर्ण्याची एक जुनी रीत होती. डॉक्टर घरी नसले आणि ऑपरेटरला खिडकीतून पानठेल्यावर दिसले, तर ती पानठेल्याशेजारच्या दुकानात घंटी द्यायची. गाव त्यासाठी पोरींना दुवा देई. नलिनीने रीत पाळली. औषधाच्या दुकानात घंटी दिली.

"हाव! मीच जयवंता!" शिंपी आनंदाने ओरडला आणि लगेच त्याचा आवाज बसला. "कोण मेलं?"

"कोणी नाही मेलं," नागपूरहून प्रभाकर गांगरून म्हणाला.

"मंग ट्रंक कॉल कायले? मोठीमाय गेली ना?"

"अहो, कोणीच नाही गेलं!"

"धीर देऊ नका जी, बापा. सरळ सांगा. मी बसून घेतलं."

घड्याळ चाललं होतं, आकार चढत होता आणि नलिनी पदर तोंडात कोंबून बोर्डावर ओणवी झाली होती.

सेठ हुशार होते, पण चुकले कुठे? कोणाला शंका येऊ नये म्हणून त्यांनी अगदी साधी, इकडची नावं निवडली होती. पांढुर्ण्यात जयवंता नाही म्हणणं म्हणजे बगीच्यात संत्रं नाही म्हणणं. पलीकडे सावरगावात दगड फेकला तर जयवंताला लागेल आणि उचलून परत फेकणारा गुणवंता असेल. नलिनीला रोज कोणी ना कोणी सापडू लागला. बँडवाल्या गुणवंताने प्रभाकरला लग्नसराईचा दर सांगितला आणि मागितलं नसताना एक धूनही वाजवून दाखवली. वैतागून प्रभाकरने नाव बदललं, देवकाबाई मागितली. भाजीवाल्या देवकाबाईने फोन दोन्ही हातांनी धरला. "परक्या बाईले संध्याकाळच्या वेळी फोन करून राहिला? तुह्या मायले माहीत हाय का रे मुडद्या?"

इकडे सेठपर्यंत एकही नाव पोचेना, त्यांना भावाचं काहीच कळेना. पडत्या भावात ते बोरगावला धावले आणि चढत्या दराने बगीचा घेऊन बसले. पुढच्या आठवड्यात, प्रभाकरकडून सगळं कळल्यावर, ते एक्स्चेंजमध्ये आले. यशवंतरावांच्या टेबलावर त्यांनी टोपी आपटली.

"ही पोरगी माझे कॉल दुसऱ्याले देऊन राहिली. काढा हिले."

यशवंतरावांनी नलिनीला बोलावलं.  तिच्या डोळ्यांसमोरून खुर्ची बोर्डासकट निघून चालली.

"काऊन व?" त्यांनी कारण विचारलं.

"साहेब, जयवंताले मागतात. जयवंता डोळ्यासमोर दिसते. मंग जिथं तो नाही तिथं घंटी कायले द्यायची?"

"माझा जयवंता थो नाही!" सेठ ओरडले.

"मंग तुमचा कोणता?" यशवंतरावांनी शांतपणे विचारलं.

सेठ उत्तर जुळवत होते तेवढ्यात यशवंतरावांनी दार उघडलं. एक्स्चेंजमधून बोलावणं येतं, ही बातमी गावभर झाली होती. ओसरीवर शिंपी जयवंता, लाकडाच्या आरा मशीनचा जयवंता, इस्त्री केलेला सदरा घालून आलेला सावरगावचा म्हातारा जयवंता असे सगळे ओळीने बसले होते. पुढ्यात चिवडा.

"यातला दाखवा, सेठजी."

"मीच जी, सेठ!" सगळे एकदम उठले. "आला का फोन?"

त्यांच्यामागे बाजाराला आलेले दोन बागाइतदार काय गंमत आहे म्हणून मान लांब करून पाहत होते. जयवंता असा कोणी नाहीच, हे त्यांच्यापुढे म्हणायचं तर प्रभाकर रोज कोणाला बोलावत होता, हेही सांगावं लागणार. सेठनी एकेक जयवंता पाहिला. टोपी उचलली. "जाऊ द्या, माझी काही तक्रार नाही," म्हणाले आणि जयवंतांच्या मधून वाट काढत निघून गेले. म्हाताऱ्याने त्यांच्या हातावर चिवडा ठेवला.

यशवंतरावांनी दार लावलं. ते नलिनीकडे वळले. त्यांच्या मिशीचं एक टोक हलल्यासारखं झालं.

"कळंबे, सेठचा जयवंता कोण, हे तुले माहीत होतं?"

हो म्हणावं तर ऐकलेल्याचा अर्थ लावला. नाही म्हणावं तर खोटं. आणि तोंड नुसतं उघडलं असतं तरी आठ दिवसांचं हसू धबाधबा टेबलावर सांडलं असतं. नलिनीने पदराचा बोळा तोंडात धरला, मान खाली घातली आणि लाल झालेल्या कानांनिशी, एक शब्द न बोलता, ती खोलीबाहेर पडली.