मांदेली पिल्लू नसते

विदर्भातल्या आरमोरीच्या बसस्टँडवर बाबा एस.टी.च्या खिडकीशी उभे होते. आम्ही ढिवर, पिढीजात मासेमार. त्यांचा जन्म तळ्यातल्या मासोळीवर गेला आणि मी घराण्यातला पहिला बी.एस्सी. झालो. ऐंशीनंतरची गोष्ट. रायगडच्या किनाऱ्यावर मत्स्य कार्यालयात वर्षभराच्या बोलीवर नेमणूक मिळाली होती. बाबा एवढंच म्हणाले, "बाबू, तिथचं पानी आपलं नोहे. लोकायले इचारत जाजो."

मी विचारलं नाही. बंदरावर उतरलेली मासळी नोंदवायची, हे माझं काम. डोलीच्या, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात मांदेलीचे थवेच्या थवे येत. सोनेरी, वीतभरही नाही. आमच्या तळ्यात एवढी मासोळी म्हणजे रोहूची बोटुकली, बोटाएवढं पिल्लू. जाळ्यात आली की बाबा ती परत पाण्यात सोडत. मी पहिल्याच अहवालात लिहिलं: इथे सगळी पिल्लंच मारतात, बारीक जाळी बंद करावी.

शिपायाने ही बातमी बंदरावर नेली. तिथे मासळी विकणाऱ्या बायांतल्या जनाबाई साठीच्या, ठेंगण्या. त्यांनी मला टोपलीपाशी बसवलं आणि एक मांदेली नखाने फाडली. आत अंडी गच्च भरलेली.

"पोर नाय ही, आयस हाय! मीपन एवरीच हाय. मनापन पान्यात सोरशील काय?"

सगळं बंदर हसलं. मला हसू येईना. जाळी बंद झाली तर या बायांची चूल बंद. चूक कबूल केली तर माझी नेमणूक जायची भीती.

ती मांदेली कागदात गुंडाळून मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि अहवाल परत मागितला. सुदैवाने तो वर गेला नव्हता. "पदवी घेतलीत, मासा उघडून पाहिला नाहीत," साहेब म्हणाले. "महिनाभर त्या बायांजवळ बसा. मग लिहा."

बसलो. नोकरी राहिली, पुढे कायमही झाली. त्या बायांचे उपकार मी विसरलेलो नाही.

आता सुट्टीत गावी आलो की तोंडून निघून जातं, "आमच्याकडे सध्या मांदेली अंड्यावर असेल." आई लगेच धरते, "आमच्याकडं मंजे कुठी रे? मंग हे कोनाचं घर हाये?"

माझ्यासारखे जे बाहेर गेले, त्यांना हे कळेल. आईला दुखवायचं नसतं, पण ते 'आमच्याकडे' खोडावं, असंही वाटत नाही.