मान हलली आणि सोयरीक मोडली

आमच्या पल्लवीची सोयरीक मी एक शब्दही न बोलता मोडली.

पल्लवी माझी धाकटी बहीण. आईवडील गेल्यापासून तिचा थोरला भाऊ, वडील आणि बैठकीतला कर्ता माणूस असा सगळा मीच. तेलगावात माझं सरकी-पेंडीचं दुकान आहे. गेली दोन वर्षं फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबायचा, मान वाकडी करायची आणि दोन्ही हातांनी पेंड मोजायची, असा माझा धंदा चालला होता. त्यातून डोकं दुखायला लागलं. मानेच्या मुळातून निघायचं, टाळूवरून चढायचं आणि उजव्या डोळ्यामागे येऊन बसायचं. बाम झाला, चष्मा बदलून झाला, डोक्याला फडकं बांधून झालं. (फडकं बांधलेला दुकानदार बघून गिऱ्हाइकं हळू आवाजात विचारायची, "घरात काही झालं का?")

शेवटी बायको म्हणाली, "माजलगावला मणक्याच्या डॉक्टरीणबाई आल्यात. हातानं मान बसवतात म्हणे. जाऊन या. पण चारच्या आत घरी पायजे. गेवराईचे पाव्हणे यायचेत."

पाहुणे पल्लवीला बघायला यायचे होते. हा साधासुधा कार्यक्रम नव्हता. पल्लवीने आजवर सहा स्थळांना नकार दिला होता, आणि गेवराईच्या या महेशचा फोटो मात्र तिने स्वतःहून दुसऱ्यांदा मागून घेतला होता.

मान बसवणार म्हणजे कुणीतरी पैलवान असेल, अशी माझी समजूत. निघाल्या चवळीच्या शेंगेसारख्या बाई. त्यांनी रक्तदाब बघितला, हातात मुंग्या येतात का, चक्कर येते का, असं बरंच विचारलं, मान चारही बाजूंना फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "दुखतं डोकं, पण दुखणं मानेचं आहे. आता पडा, आणि श्वास सोडा."

मी श्वास सोडला. मानेत 'कट्ट' झालं.

त्यानंतरचं कसं सांगावं? दोन वर्षं घरात चालू असलेलं गिरणीचं जातं कुणीतरी एकदम बंद करावं, तसं डोक्यात शांत झालं. खिडकीबाहेर होला घुमत होता, तो मला ऐकू आला. बाई सांगत होत्या, "एवढ्यानं भागणार नाही. घरी दर तासाला डोळे मिटून मान हळूहळू डावीकडे न्यायची, मग उजवीकडे. दहा वेळा. घाई करायची नाही." मी हसत होतो. त्यांनी माझं नाव विचारलं असतं, तर तेही मला थोड्या वेळानंच आठवलं असतं.

एसटीत खिडकीपाशी बसलो. उसाचे तुरे पांढरे, त्यावर दुपारचं ऊन, वरून बगळ्यांची रांग. सगळं जग कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं. तेलगाव कधी आलं, कळलं नाही. घरी पोचलो तर पाहुणे येऊन बसलेले. बायकोला काही सांगायला वेळच मिळाला नाही. मी तसाच बैठकीत टेकलो.

महेशचे वडील, विश्वनाथअप्पा, भारदस्त गृहस्थ. कपाळावर विभूती, आवाज जड. पल्लवी येऊन गेली, पोहे झाले, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. माझा तास भरला होता. मी डोळे मिटले.

पुढचं मला पाण्याखालून ऐकावं तसं ऐकू आलं.

"आमाला मुलगी पसंत हाय," अप्पा म्हणाले. "तुमी थोरले भाऊ. मग सोयरीक पक्की समजू का?"

माझी मान हळूच डावीकडे गेली. मग हळूच उजवीकडे.

अप्पांची खुर्ची करकरली. "काही अडचण हाय का?"

डावीकडे. उजवीकडे.

"अडचण न्हाई. मग पक्की?"

डावीकडे. उजवीकडे.

"अडचण न्हाई आन् सोयरीकबी न्हाई? असं कावून?"

मी तेव्हा धरणाच्या पाण्यावर तरंगत होतो. दहा मोजून डोळे उघडले, तर समोर रिकाम्या खुर्च्या. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दारात बायको चहाचा ट्रे धरून उभी होती.

"तुमी न्हाई म्हनलात?" तिने विचारलं.

"मी? मी तर व्यायाम करत होतो."

पल्लवी आतून आली. तिचे डोळे भरले होते, पण हातात स्कूटीची किल्ली होती. "बस मागं," ती म्हणाली. पाहुण्यांच्या गाडीमागे तिने स्कूटी माजलगावच्या रस्त्याला सुसाट काढली. माझ्या डोक्यातलं धरण तेवढ्यात पार आटलं.

कालव्याजवळच्या रसवंतीपाशी त्यांची गाडी दिसली. अप्पा बाकावर बसले होते, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता काय राह्यलं?"

मी हात जोडून सगळं सांगितलं. मान, पेंड, डॉक्टरीणबाई, कट्ट, दहा वेळा. माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. महेश खाली बघून हसू दाबत होता. अप्पांचा चेहरा मात्र हळूहळू बदलला.

"मागून वर चढतं का?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"डोळ्यामागं येऊन बसतं?"

"तितंच."

"मला आठ वर्षं झाली," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "दाखवा बरं कसं करायचं ते."

"अप्पा, आधी तपासून घ्या," मी म्हणालो. पण त्यांनी डोळे मिटलेही होते. चरकाचे घुंगरू वाजत होते, कालव्याचं पाणी चाललं होतं, आणि आम्ही दोघे शेजारी शेजारी बसून माना डोलवत होतो. रसवाल्याने दोनदा विचारलं, "रस देऊ का?" दोन्ही वेळा दोघांचाही नकार बघून तो बिचारा ग्लास परत घेऊन गेला.

पल्लवी हे सगळं बघत उभी होती. मग ती सरळ महेशसमोर गेली.

"मला तुमी पसंत हाव," ती म्हणाली. "यांच्या मानांचं होईल तवा होईल."

"मलाबी," महेश म्हणाला.

सोयरीक अशी ठरली. त्या वेळी दोन्हीकडची वडीलधारी मंडळी डोळे मिटून बसली होती, त्यामुळे नाही म्हणायला कुणी शिल्लकच नव्हतं.

लग्न झालं. अप्पांची मानही बाईंच्या हातून बरीच सुधारली. बाईंनी मला बजावलंय, की मान खाली घालून बसायचं नाही, त्याने दुखणं वाढतं. घरच्यांचं म्हणणं मात्र वेगळं पडलं. त्यांच्या मते, यापुढे कुठल्याही बैठकीत माझ्या मानेला तेवढंच शोभतं.