बांधावरचे बेडूक

राहू गावच्या तळ्याकाठी आमची एकच पत्र्याची खोली होती. आई आणि आप्पा दुसऱ्याच्या शेतात रोजानं जायचे. घरात जागा नाही, म्हणून मी बांधावर बसून अभ्यास केला आणि घराण्यातला पहिला पदवीधर झालो. हे मी अभिमानानं सांगतो.

तिथंच मोठे बेडूक ओळखीचे झाले. हिरवट अंग, पाठीवर पिवळी रेघ. पावसाळ्यात नर पिवळेधमक होतात. माणूस जवळ आला की एकेक पाण्यात उडी टाकतो. डोक्यावर भारा घेऊन आप्पा सावकाश यायचे, तेव्हा दोन उड्यांमध्ये अंतर जास्त पडायचं. मी पुस्तकातून मान वर न काढता ओळखायचो.

पुढं सैन्यात भरती झालो आणि पूर्वेकडच्या सीमेवर एका पोस्टवर पोस्टिंग झालं. पोस्टसमोर तळं होतं. पिवळे बेडूक बघून जवान म्हणाले, विषारी आहेत. मी म्हणालो, हा बुलफ्रॉग, निरुपद्रवी.

सेक्शन कमांडर हवालदार शितोळे शिरूरचे. ते म्हणाले, "काय रं ग्रॅज्युएट, बेडकात डिग्री घेतलीस व्हय?"

"न्हाई उस्ताद. शेजारी ऱ्हायलोय त्यांच्या."

एका संध्याकाळी नाईक कांबळेंची चार जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, १७:३० ला नाल्याच्या वाटेनं परतायची होती. आली नाही. रेडिओवर उत्तर नाही. १८:१० ला आम्ही स्टँड-टू होतो, म्हणजे हत्यारं रोखून मोर्चात सज्ज. धुकं उतरलेलं. तळ्याच्या बांधावरून आपलं कोणी यायचं नाही, हा पक्का नियम.

आणि बांधावर डुबुक झालं. थोड्या वेळानं पुन्हा. एलएमजीवाल्यानं मशिनगनची सेफ्टी काढली.

मी म्हणालो, "उस्ताद, आपलीच माणसं हायेत. ओझं हाय त्यांच्याकडं."

"कशावरून?"

"दोन उड्यांत अंतर हाय, म्हंजी चाल जड हाय. आन् लपून येणारा पहिल्या उडीलाच थांबला असता. हे थांबंनात."

शितोळेंनी एलएमजीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "होल्ड फायर. चॅलेंज कर."

"थम! कौन आता है?"

धुक्यातून पासवर्ड आला. आवाज कांबळेंचा होता.

पाय मोडलेल्या जवान पवारला बाकीचे तिघं उचलून आणत होते. नाल्याला पाणी आलेलं म्हणून बांधावरून आले, रेडिओ सेट भिजलेला.

"रस्ता इसरलास व्हय?" शितोळे कांबळेंना म्हणाले.  मग पवारला पहिला चहा त्यांनीच पाजला.

पवार आता कारेगावला राहतो, रांजणगावात कंपनीत शिफ्ट करतो. जरा लंगडतो, एवढंच.

शितोळे पुढं दुसऱ्या पोस्टवर शहीद झाले. तोवर प्रत्येक नव्या जवानाला ते आधी तळ्याकाठी नेत आणि बेडूक दाखवत.

त्या संध्याकाळी पेट्रोलचे चौघंही परत आले. आमच्याकडून एकही गोळी सुटली नाही.