कुंताबाईंच्या मांडीवरचा सरडा

कुंताबाई चुलीवरचं पाणी उतरवत होत्या, तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. पाहतात तर मागच्या खोलीतली भाडेकरू रंजिता, डोळे रडून लाल. आईला वर्ध्याच्या दवाखान्यात भरती केलं होतं आणि तिला समुद्रपूरहून पहिली एसटी गाठायची होती. तरी पाय निघत नव्हता. तिच्या खोलीत काचेच्या पेटीत हातभर लांबीचा, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला सरडा होता. भावानं नागपूरहून आणून दिलेला. नाव मुन्ना. ती परत येईपर्यंत त्याला कुंताबाईंनी सांभाळावं, एवढंच तिचं म्हणणं.

कुंताबाईंना नाही म्हणवेना. भाजीच्या वाडीत साप निघाला तरी विळा घेऊन उभी राहणारी ही बाई सरड्याला मात्र भ्यायची. त्यांच्या माहेरी सांगत, सरडा मान हलवतो तो लांबूनच रक्त ओढायला; दिसला की बेंबी झाकायची. पन्नाशी उलटली, तरी वांग्याच्या झाडावर सरडा डुलताना दिसला की डावा हात आपसूक पोटावर जाई.

रंजितानं भराभर सांगितलं. उजाडलं की पेटीतला दिवा लावायचा. दुपारी भाजी चिरून द्यायची, दिवस कलल्यावर काहीच नाही. ऊब नसली तर खाल्लेलं त्याच्या पोटातच कुजतं. "आणि काकू, उचलायची पाळी आलीच तर वरून हात नका टाकू. बाजूनं, पोटाखालून घ्या. मग साबणानं हात धुवा."

दिवस नीट गेला. संध्याकाळी मात्र मुन्ना काचेला नाक लावून बसला आणि कुंताबाईंचा जीव कसनुसा झाला. पाहुण्याला उपाशी निजवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. झाकण जरासं सरकवून त्यांनी वाटीभर भोपळ्याचा कीस आत सारला. मुन्नानं तो फस्त केला.

पहाटे डीपी जळली. लाईट गेली ती गेलीच, आणि पौषातली थंडी. उजाडल्यावर पाहतात तर मुन्ना काळवंडून पडलेला, डोळे मिटलेले, पोट टम्म. कुंताबाईंनी रंजिताला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंदच. आंगणात ऊन आलं होतं, पण तिथवर त्याला नेणार कोण?

नवरा महादेवराव उंबरठ्याबाहेरूनच म्हणाले, "उचल ना. खाते का तुले?"

"मंग तुम्हीच या ना आत."

ते काही आले नाहीत.

कुंताबाईंनी खुराड्यातली कोंबडी धरतात तसा वरून हात टाकला. मुन्नाचा गळा फुगला, दाढी काळी ठिक्कर पडली, जबडा वासला. त्या भिंतीला जाऊन टेकल्या. पण तो अंगावर आला नाही. कोपऱ्यात चपटा होऊन दबला. घारीची सावली पडली की त्यांच्या कोंबडीची पिल्लं अशीच दबत. वरून का नाही, ते तेव्हा त्यांना उमगलं.

मग बाजूनं, हळू, एक तळवा पोटाखाली, दुसरा मागच्या पायांखाली आणि शेपटीखाली. गार, खरखरीत अंग. नखं मनगटात रुतली, तरी हात सोडला नाही. आंगणात भिंतीला पाठ लावून त्या उन्हात बसल्या, मुन्ना मांडीवर.

बऱ्याच वेळानं अंगाचा काळेपणा उतरला. डोळा उघडला. आणि त्यानं मान हलवली. वर, खाली, पुन्हा वर.

दोन्ही हात त्याच्याखाली. बेंबी झाकायला हात नव्हता. कुंताबाईंनी डोळे घट्ट मिटले, पण हात काढले नाहीत.

संध्याकाळी रंजिता आली. आईचं बरं होतं, मोबाईल मात्र चार्जिंगवाचून मेला होता. कुंताबाईंनी तिला भोपळ्यासकट सगळं सांगितलं.

"पुन्हा जाशील तं जाय बाई, मी पाहीन याले," त्या म्हणाल्या. "फकत मी फोन लावला का उचलजो."