बैलबाजारातला पसंतीक्रम

माझ्या मुलीच्या कॉलेजच्या अर्जाचा पासवर्ड आमच्या बैलाच्या नावावर होता. बैलाचं नाव राजा. पासवर्ड मी ठेवला होता, कारण माझा कोणावरच भरवसा नव्हता आणि राजा कोणाला काही सांगणार नव्हता.

आमच्या वेळी अशी भानगड नव्हती. मी सिहोऱ्याचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. बारावीनंतर मी पाच कॉलेजांचे पाच वेगळे अर्ज भरले. पाच वेळा एसटी, पाच वेळा गुणपत्रिकेच्या प्रती, आणि त्या प्रतींवर शिक्का मारणारा साहेब पाचही वेळा जेवायला गेलेला. पण भंडाऱ्याच्या कॉलेजला गोंदियाच्या अर्जाचा पत्ता लागत नसे, त्यामुळे प्रत्येक अर्जात 'मला केवळ आपल्याच कॉलेजात शिकण्याची इच्छा आहे' असं बिनधास्त लिहिता यायचं. (पाचही ठिकाणी लिहिलं होतं.) पुढे गोंदिया वेगळा झाला. एका जिल्ह्याचे दोन झाले आणि पाच अर्जांचा एक झाला! सगळ्या राज्याला एकच अर्ज, तोही कम्प्युटरवर, आणि त्यात कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायची. म्हणजे आपल्या मनात काय आहे ते आधीच सांगून मोकळं व्हायचं. मला तिथेच डावाचा वास आला.

माझ्या प्रज्ञाला नागपूरचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज हवं होतं. त्यासाठी दोन वर्षं ती एका लग्नाला गेली नव्हती, सख्ख्या मावशीच्यासुद्धा. मार्क चांगले होते, पण अगदी काठावरचे. त्यामुळे मी जास्तच सावध झालो.

तुमसरच्या नेट सेंटरवर देवानंद नावाचा पोरगा फॉर्म भरून द्यायचा. त्याने विचारलं, "गुरुजी, पयल्या नंबरवर नागपूर टाकू का?"

मी त्याचा हातच धरला. "तुले कोनी सांगतलं नागपूर?"

"पोरीनं."

"तू आनखी कोनाकोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाई जी. आत्ताच तं सांगतलं तिनं."

आता माझी युक्ती सांगतो. दोन वर्षांपूर्वी बैलबाजारात बपेऱ्याच्या तेजरामकडून मी राजाला आणलं, ते याच युक्तीने. जो बैल हवा त्याच्याकडे पाहायचंच नाही. त्याच्या बाजूच्या बैलाचे दात बघायचे, पाठ थोपटायची, चालवून बघायचा, आणि निघता निघता सहज विचारायचं, "अन् हा कसा?" गरज दिसली की विकणारा अडून बसतो. कम्प्युटर काही तेजरामपेक्षा भोळा नसणार.

"लिव," मी देवानंदला म्हणालो, "पयलं कोकनातलं." (समुद्रकाठचं ते कॉलेज इतकं लांब होतं, की आमच्या घराण्यातलं कोणी तिकडे मासे खायलासुद्धा गेलं नव्हतं.) मग आणखी सात कॉलेजं तशीच, आणि नवव्या नंबरवर, सहज आठवलं म्हणून टाकल्यासारखं, नागपूर.

प्रज्ञा रडकुंडीला आली. "बाबा, ते वरूनच पायत येते. वरचं भेटलं का खालचं पायतच नाई."

"असं ते तुले दाखवते."

"अन् पयल्या नंबरचं लागलं तं घ्याच लागते. मले कोकनात जा लागन."

"लागनारच नाई. आपल्याले ते पायजेच कुठं हाय?"

यावर ती वाद सोडून मागच्या बाकावर जाऊन बसली. मी तो माझा विजय समजलो.

मग पासवर्ड. देवानंदला मी पाठ करून उभं केलं, कानावर हात ठेवायला लावले, रांगेतल्या चौघांना बाहेर काढलं, कीबोर्डवर खांद्यावरचा दुपट्टा पांघरला आणि एका बोटाने टाइप केलं. आता मला अक्षर शोधताना ते मोठ्याने म्हणायची सवय आहे. शाळेतली सवय. "आर... ए... जे... कुठं गेला जे... ए... अन् एक दोन तीन."

फॉर्म तेवढाच सेव्ह केला. यादी कायमची पक्की करणारं शेवटचं लॉक मी अखेरच्या दिवसावर ठेवलं, म्हणजे कोणाला डाव उलटवायला वेळ मिळू नये. पण नेमकी त्याच दिवशी शेतात धानाची रोवणी निघाली. मी चिखलात गुडघाभर उभा, म्हणून प्रज्ञा एकटीच तुमसरला जाऊन लॉक करून आली. आणलेला छापील कागद मी घडीही न मोडता लोखंडी पेटीत टाकून कुलूप लावलं.

"पाहून तं घ्या एकडाव," बायको म्हणाली.

"उघडला का कोनाच्या तरी नजरेस पडते."

निकालाच्या दिवशी मात्र माझी तंतरली होती. पोरगी खरंच कोकणात गेली तर बायकोला तोंड कसं दाखवायचं? प्रज्ञाने मोबाईल पाहिला आणि म्हणाली, "नागपूर." मी तिथेच ओट्यावर बसलो. डोळे भरून आले. आणि मग जो उठलो तो वर्षभर खाली बसलो नाही. चहाच्या टपरीवर, शाळेत, बसस्टॉपवर, ज्याला त्याला सांगत सुटलो, की सरकारच्या कम्प्युटरला मी बैलबाजारात फिरवून आणलं.

पुढच्या वर्षी तेजराम आला. तोच, राजा विकणारा. त्याचा मुलगा बारावी झाला होता. "गुरुजी, तो तुमचा कागद दाखवा ना जी. तसाच भरतो."

प्रज्ञा सुट्टीत घरी आली होती. ती म्हणाली, "बाबा, राहू द्या ना." मला वाटलं, लाजते आहे. मी पेटी उघडली, घडी मोडली आणि कागद तेजरामसमोर धरला.

पहिला क्रमांक: नागपूर. कोकण यादीतच नव्हतं. आणि पासवर्ड तर मी प्रज्ञालाही सांगितला नव्हता, लॉक करायला पाठवतानासुद्धा.

"पासवर्ड तुमीच मोठ्यानं सांगतला होता," प्रज्ञा हळूच म्हणाली. "कानावर हात देवानंदभाऊनं ठेवले होते, मी नाई."

"मंग मले सांगतलं काहून नाई वर्षभर?"

"तुमी लय खूश होते."

तेजराम हसला नाही, हेच मला जास्त लागलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "राग नका मानू गुरुजी. तुमी ज्या बैलाकडं पायत नाई, तोच तुमाले पायजे, हे साऱ्या बजारले मालूम हाय. त्या दिवशी तुमी बाजूच्या बैलाचे दात पाहून राहिले होते, तवाच मी राजाले पानी पाजून तुमच्यासाठी सोडून ठेवला होता."

मी उठून गोठ्यात गेलो. निदान तिथे तरी आपलं माणूस भेटेल, असं वाटलं. चाऱ्याची पेंढी माझ्या हातात होती. राजाला ती हवी होती, हे मला स्वच्छ दिसत होतं, पण तो माझ्याकडे ढुंकूनही न पाहता बाजूच्या म्हशीकडे बघत उभा राहिला. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत माझ्या हाताखाली पूर्ण तयार झालेला हा एकच विद्यार्थी.