सीसे का काम

नव्वदच्या दशकात लखनौत गेलेली वीज कधी येईल, हे कुणाला विचारायचं नसतं. अलीगंजला राहायला आल्यावर आम्ही हे पटकन शिकलो. बाबा बँकेत होते, पण हौस सगळी हातोडी-पकडीची. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ते घरीच दुरुस्त करू लागले आणि मग तो नादच लागला. गच्चीवर जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं स्टोव्हवर वितळवायचं, साच्यात ओतून बॅटरीतल्या पट्ट्यांच्या नव्या जाळ्या काढायच्या.

"नखाने ओरखडा उठतो, साध्या आचेवर पातळ होतं, पण ॲसिडला दाद देत नाही. गुणी धातू हो!" बाबा येईल त्याला ऐकवायचे. गुणी म्हणे!

माझा धाकटा भाऊ तेव्हा चारेक वर्षांचा, बेचा पाढा घडाघडा म्हणणारा. सदा बाबांना चिकटलेला. सांडलेल्या शिशाचे गोळे घेऊन खेळायचा आणि करडी धूळ बोटाने चाटायचा. "गोड आहे," म्हणायचा. आई ओरडायची, तेही कपडे काळे केले म्हणून.

मग त्याचं पोट दुखायला लागलं. चेहरा पांढराफटक पडला. आलेली अक्षरं विसरायला लागला. आईने कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "घर में सीसे का काम होता है क्या?"

आता आमचे दूधवाले भैया शक्करला 'सक्कर' म्हणायचे आणि आरशाच्या शीशाला 'सीसा'. आईच्या कानाला तीच सवय. शिसं तिला मराठीत पक्कं ठाऊक होतं, पण हिंदीत त्यालाच 'सीसा' म्हणतात हे नव्हतं. डॉक्टर कपड्यावरच्या आरसेकामाचं विचारताहेत असं तिला वाटलं. लखनवी चिकनचं भरतकाम ती फावल्या वेळात करायची. म्हणाली, "सीसे का नहीं जी, मैं चिकन का करती हूँ थोड़ा-बहुत." डॉक्टर हसले आणि लोहाचं टॉनिक लिहून दिलं. घरी येऊन आईने ही गंमत सांगितली. आम्हीही हसलो. हसलो!

पुढे त्याला झटके यायला लागले, तेव्हा मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि इंग्रजीत 'लेड' म्हटलं. बाबांना लगेच कळलं. आईला तेव्हाही कळेना. बाबांनीच तिला सांगितलं, "अगं, आपलं शिसं. गच्चीवरचं." तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बाबांनी विचारलं, "निकल तो जाएगा ना?"

"ख़ून से निकाल देंगे," बाई म्हणाल्या. "दिमाग़ का जो हो गया, सो हो गया."

मला बाबांचा राग आला, आईचा आला, त्या हसऱ्या डॉक्टरचा तर अजून येतो. पण रागाने काय होतंय?

तिथले उपचार संपवून परतताना टेम्पो-रिक्षात आईने भावाला मांडीवर ओढलं, त्याचे केस सारखे केले आणि हळूच म्हणाली, "म्हण बरं राजा, बे एके बे."

तो म्हणाला, "बे." आणि शाबासकीसाठी आमच्याकडे बघत राहिला.