दैवशालाबाईंना बदामी आवडतो

भोकरदनच्या ज्या गल्लीत दैवशालाबाई राहतात, तिथं भोंगा लावायची गरज पडत नाही. नळ आला, दूधवाला आला, कुणाकडे पाहुणे उतरले, हे सगळं बाईंच्या ओट्यावरून जाहीर होतं. अंगापिंडाने अशा की दारातून बाहेर पडताना दारानेच जरा अंग चोरावं. हसल्या की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडतात आणि हसणं संपल्याशिवाय परत बसत नाहीत.

आता अशी बाई नेसत काय असेल? कुणालाही वाटेल, लालभडक नाहीतर मोरपंखी. तर तसं काही नाही. बाई नेसायच्या बदामी. कधी फिक्कट बदामी, कधी चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाची, कधी जुन्या वर्तमानपत्रासारखी. लांबून पाहिलं तर भिंतच चालत येतेय असं वाटायचं, आणि जवळ आल्यावर ती भिंत विचारायची, "काय गं, आज उशीर केला?"

हे असं का, याचं मूळ बाईंच्या घरातल्या लोखंडी पेटीत होतं. लग्न होऊन आल्यापासून आहेरात जी साडी येईल ती दैवशालाबाई उलटीपालटी करून बघायच्या आणि मनात एकच विचार करायच्या, ही कुणाला देता येईल? रंग चांगला, काठ चांगला, की साडी गेली पेटीत, देण्याच्या साड्यांत. तिथून ती नणंदेच्या घरी, नाहीतर दिराच्या मुलीच्या साखरपुड्याला. जी कुणाला देताना लाज वाटेल, ती उरायची. उरलेली कपाटात जायची आणि कपाटातली अंगावर. आणि उरणारी साडी नेमकी बदामी असायची, कारण ती आधीच दोनचार घरं फिरून, कुठंच टिकाव न लागल्यामुळे त्यांच्याकडे आलेली असायची.

गल्लीने मात्र याचा वेगळा अर्थ काढला. सदानकदा बदामी नेसते, म्हणजे बाईला बदामी आवडत असणार. मग पुढच्या आहेराला लोक मुद्दाम बदामी शोधू लागले. "खास तुमच्यासाठी आणली हो, दुकानदाराला सगळं दुकान उचकायला लावलं." एवढं ऐकल्यावर ती साडी दुसऱ्याला द्यायची तरी कशी? म्हणजे तीही कपाटात. असं करता करता कपाट उघडलं की आत एखाद्या बेकरीत डोकावल्यासारखं वाटायला लागलं.

गंमत अशी की दुसऱ्यांच्या साड्या निवडण्यात या बाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. गल्लीत लग्न ठरलं की बस्ता फाडायला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, जालन्याला जायचं, आणि जीपमधली पुढची जागा दैवशालाबाईंची. त्या साडीकडे आधी बघायच्याच नाहीत. नेसणारीला विचारायच्या, दिवसभर तू करते काय? शाळेत शिकवणाऱ्या दीपमालाला त्यांनी विचारलं, "फळा कपड्यानं पुसते का पदरानं?" ती लाजून म्हणाली, "घाईत पदरानंच." मग बाईंनी तिला अशी बारीक पांढऱ्या ठिपक्यांची राखी साडी काढून दिली की खडूची भुकटी तिच्यात नक्षी म्हणून खपून जाते. दीपमाला आजही ती नेसते आणि आजही पदरानेच फळा पुसते.

यंदा मात्र बस्ता घरचाच होता. बाईंचा मुलगा कल्याण जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत आहे. त्याला जाफराबादची तृप्ती पसंत पडली. तृप्ती तिथं संगणकाचे क्लास घेते, कमी बोलते आणि समोरच्याकडे नीट बघते. बस्त्याच्या दिवशी सकाळी दैवशालाबाईंनी पदराला पिन लावता लावता नवऱ्याला, रामरावांना सांगितलं, "अहो, पोराच्या लग्नात मला बदामी नेसायची न्हाई."

रामराव चहाची बशी तोंडाला लावून होते. ती खाली ठेवून मनापासून आश्चर्याने म्हणाले, "का बरं? तुला तर बदामी आवडतो ना?"

जीप येईपर्यंत दैवशालाबाई नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. गल्लीच्या माहितीप्रमाणे हा त्यांच्या संसारातला विक्रम आहे.

पण मनातली गोष्ट मनातच राहायची लक्षणं होती. आपल्याकडची रीत अशी की अक्षता पडताना वरमाईने नेसायची साडी मुलीकडचे घेतात. आवडली का, हा प्रश्न तिथं कुणी विचारत नाही आणि त्याचं उत्तर कुणी देत नाही. मानाची साडी, मानाने नेसायची. त्यामुळे दैवशालाबाईंच्या हातात होतं ते एवढंच की देवाचं नाव घ्यायचं आणि जीपमध्ये बसायचं.

जालन्यात मस्तगड भागातल्या नेहमीच्या दुकानात वरच्या मजल्यावर पांढऱ्या चादरीच्या गाद्या घातलेल्या. जाफराबादची मंडळी आधीच येऊन बसलेली. तृप्तीची आई कौसल्याबाई काडीसारखी बारीक, बोलायला लागली की समोरच्याने पुढे झुकावं एवढा आवाज; आणि अंगावर साडी अशी नारिंगी, जरीच्या बुट्ट्यांनी भरलेली, की साडी येऊन बसलीय आणि बाई मागून येणार आहे असं वाटावं. रामरावांनी खांबाला टेकायची जागा पकडली, आलेलं थंड प्यायलं आणि डोळे मिटले.

नवरीचा शालू झाला. करवलीची साडी झाली. मावशा, आत्या, मामी, सगळ्यांच्या साड्या दैवशालाबाईंनी धडाधड काढल्या. दुकानातला हरिओम त्यांना इतक्या बस्त्यांपासून ओळखतो की त्यांनी बोट केलं की तो गठ्ठाच खाली ओढतो. "मावशी, तुम्ही इथंच नोकरी करा ना, आम्ही घरी जातो," तो म्हणाला.

"पगार झेपायचा न्हाई तुमच्या शेठला," बाई म्हणाल्या आणि हसल्या. खालच्या मजल्यावरची गिऱ्हाइकं वर बघायला लागली.

मग कौसल्याबाईंनी हरिओमला खूण केली. त्याने बाजूला काढून ठेवलेला एक खोका आणला, उघडला, आणि चादरीवर साडी सोडली. भारी होती, रेशमी होती, काठाला नाजूक सोनेरी वेल होती, आणि बदामी होती.

"ईनबाई," कौसल्याबाई हळूच म्हणाल्या, "सोयरीक जुळताना आम्ही तुमच्या गल्लीत सगळी चौकशी केल्ती. शेती, स्वभाव, सगळं. तवाच विचारून ठेवलं, वरमाईला रंग कोन्ता आवडतो म्हणून. जिला विचारलं तिनं तेच सांगितलं. मंग मीच आठ दिवस आधी येऊन शोधून ठेवली."

दैवशालाबाईंचं तोंड उघडलं. त्यातून एवढंच निघालं, "कशाला एवढा तरास घेतला हो."

आणि बाई गप्प बसल्या. हरिओमने नवऱ्या मुलाचे कपडे दाखवायला घेतले तरी गप्प. तृप्तीच्या काकूने भलताच खाकी सफारीचा पीस उचलला तरी गप्प. बाकी कुणाच्या ध्यानात आलं नाही, पण तृप्ती सकाळपासून या बाईकडे नीट बघत होती. ती सरकत सरकत शेजारी येऊन बसली.

"आत्या, एक साडी राहिली. माझ्या मावशीची. ती आज येऊ न्हाई शकली. तुम्ही काढून देता का?"

"कशी हाये दिसायला?" दैवशालाबाईंनी सवयीनेच विचारलं.

"उंच. भरलेली. बोलायला लागली की पंख्याचा आवाज ऐकू येत न्हाई."

"चांगलं हाये की मंग. करते काय दिवसभर?"

"सगळ्या गल्लीचं. कुणाचं पोरगं आजारी, कुणाचा नळ बंद, कुणाचा बस्ता. घरात कमी, रस्त्यावर जास्त."

"सध्या काय नेसते?"

तृप्ती जरा थांबली. "फिक्कटच नेसते, आत्या. सगळं फिक्कट."

"का म्हणून?" बाईंचा आवाज परत आला. "एवढी दांडगी बाई अन फिक्कट? तिच्या घरच्यांना डोळे न्हाईत का? हरिओम, ते मागचं जांभळं काढ. ते न्हाई रे, ते वांग्याच्या सालीसारखं. हां. काठ हळदीचा हाये ना त्याला? रुंद काठाचंच दे. अशा बाईला बारीक काठ म्हंजे हत्तीला सुतळी बांधल्यावाणी. हे बघ पोरी, ही घे. लांबून वळखू आली पाहिजे ती, कोण येऊन राह्यलं ते."

तृप्तीने साडी घेतली. उलगडली, दैवशालाबाईंच्या खांद्यावर टाकली, आणि हरिओमला सांगितलं, "भाऊ, आरसा जरा इकडं फिरवता का?"

आरशात दैवशालाबाईंनी पाहिलं. आरशातली बाई लांबून ओळखू येत होती.

आता खरी पंचाईत होती. बदामी साडी खोक्यात परत घडी होऊन बसलेली, तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं लागायची बाकी. एकदा ती लागली की विषय संपला. कौसल्याबाई कुंकवाची पुडी सोडत होत्या. अख्ख्या गल्लीच्या वतीने बोलणारी बाई, स्वतःच्या वतीने बोलायची वेळ आली तर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"कौसल्याबाई," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज असा बारीक निघाला की क्षणभर कोण बोललं ते कळेना. "मला बदामी आवडत न्हाई."

कौसल्याबाईंचं बोट कुंकवात तसंच राहिलं. "म्हंजे?"

"कधीच आवडला न्हाई."

"मंग नेसता कशाला, बाई? आतासुद्धा तीच हाये अंगावर."

"दुसरी कोणी देतच न्हाई. अन मी कधी मागितली न्हाई."

कौसल्याबाईंचे डोळे भरून आले. "लोकं काय म्हणतील ईनबाई? एवढं मन लावून शोधली, अन वरमाईनं नाकारली म्हणतील. बस्त्यातच खोट निघाली म्हणतील."

दैवशालाबाई कौसल्याबाईंकडे बघायला लागल्या. सवयच ती. त्या बारीक अंगाकडे, त्या हळू बोलण्याकडे आणि त्या नारिंगीकडे बघता बघता त्यांच्यातली बस्तेवाली जागी झाली. "तुम्ही दिवसभर करता काय हो?"

"मी? मी काय करणार. घरातलं. अन देवळात पोथी वाचते दुपारची."

"अन ही नारिंगी कोणी दिली?"

"नणंदेनं." कौसल्याबाई आणखी हळू बोलल्या. "तिला असलंच आवडतं."

दैवशालाबाईंनी खोका ओढला, बदामी साडी काढली आणि कौसल्याबाईंच्या खांद्यावर टाकली. त्या नारिंगीत सकाळपासून कुठं बुडाली होती देव जाणे, पण बदामीवर ती बाई एकदम दिसायला लागली. नाक दिसलं, कपाळ दिसलं, डोळे केवढे मोठे आहेत ते दिसलं. हरिओमने न सांगताच आरसा फिरवला.

"ही माझ्याकडून तुम्हाला," दैवशालाबाई म्हणाल्या. "विहिणीचा मान आम्हालाबी करायचाच हाये. अन ती जांभळी तुमच्याकडून मला. साडीला साडी. शोधली तुम्हीच, बराबर शोधली, फक्त खांदा चुकला."

कौसल्याबाईंनी आरशाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, परत आरशाकडे पाहिलं. साडी खांद्यावरून काढली मात्र नाही. कुंकवाचं बोट जांभळीला लागलं, मग बदामीला.

तेवढ्यात रामराव जागे झाले. "झालं का? बदामी मिळाली ना हिला?"

परतताना जीप जालन्याबाहेर पडेपर्यंत रामरावांना कुणीच काही समजावून सांगितलं नाही.

त्याआधी, दुकानाच्या पायरीवर निरोप घेताना कौसल्याबाई मात्र जराशा घुश्शातच होत्या. एवढं शोधलेलं वाया गेलं हे त्यांच्या मनातून पूर्ण गेलं नव्हतं. "जांभळी खुलती तुम्हाला," त्या म्हणाल्या, "पण बदामीत तुम्ही लई सोज्वळ दिसता."

"सोज्वळ दिसायची हौस फिटली माझी," दैवशालाबाई म्हणाल्या.

लग्नात बाई जांभळी नेसून मांडवात उतरल्या, तेव्हा गल्लीच्या बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. तब्येत बरी आहे ना इथपासून सूनबाईने आतापासूनच सासूवर हुकूम चालवला इथपर्यंत सगळे अंदाज झाले. आहेरात यायच्या त्या बदामी साड्या आल्याच. त्या आधीच घेऊन ठेवलेल्या होत्या, बिचाऱ्या देणाऱ्यांचा काय दोष. पण दैवशालाबाईंनी त्या घेताना प्रत्येकीला, मांडवातल्या बँडच्या वरच्या आवाजात, सांगितलं, "पुढच्या बारीला बदामी नको बरं का. मला आवडत न्हाई." अर्ध्या वऱ्हाडाने ते ऐकलं. दोनचार जणी रुसल्या. एकीने तर "मग इतकी वर्षं आम्ही काय मूर्ख होतो का?" असंही विचारलं, आणि बाई "मीच होते गं" म्हणून हसल्या.

लग्नाची धावपळ सरल्यावर बाईंनी लोखंडी पेटी आणि कपाट दोन्ही अंगणात रिकामं केलं. शेजारणी मदतीला म्हणून आल्या आणि बघायला म्हणून बसल्या. कपाटातल्या बदामींपैकी ज्या कुणाला खरोखर शोभत होत्या त्या बाईंनी विचारून विचारून वाटल्या. उरलेल्यांच्या गोधड्या शिवायला टाकल्या. मग पेटीत देण्यासाठी जपलेल्यांतून त्या एकेक साडी खांद्यावर टाकून तृप्तीकडे बघायच्या, आणि तृप्ती मान हलवायची किंवा हलवायची नाही. एक हिरवी ठेवली, एक तांबडी ठेवली. एक निळी ठेवली, परत टाकली, परत उचलली. सवय एकदम कशी जाईल? "ही नणंदेला छान दिसल," असं तोंडातून निघालंच. तृप्तीने ती साडी हातातून काढून घेतली आणि कपाटात ठेवून दिली.

बाजाराच्या दिवशी दैवशालाबाई पिशवी घेऊन निघाल्या. अंगावर ती जांभळी, हळदी काठाची.

रामराव ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा वर सरकवला. "कुणाचं लग्न हाये आज?"

"कुणाचंच न्हाई."

"मंग लग्नाची साडी नेसून कुठं चालली?"

"भेंडी आणायला," दैवशालाबाई म्हणाल्या, आणि गल्लीच्या पार त्या टोकाला बसलेल्या बायकांनी लांबूनच ओळखून एकमेकींना सांगितलं, आली बघा.